कुंपणाबाहेरची कबर

ओनीटा फ्युगेटने रेडिओवर "मोकळं" म्हटल्याशिवाय कोळशाच्या खाणीच्या पूर्वेकडचा सुरुंग उडत नसे. परवान्यातच तसं कलम होतं. त्या बाजूच्या डोंगराच्या सोंडेवर नोबल कुटुंबाचं कबरस्तान होतं, आणि कबरस्तानापासून शंभर फुटांच्या आत खाणीने काही करायचं नाही असा कायदा आहे. म्हणून प्रत्येक सुरुंगाआधी ओनीटा सोंडेवर चालत जायची, नारिंगी निशाणं जागच्या जागी आहेत का बघायची, कुणी माणूस किंवा जनावर हद्दीत आलेलं नाही याची खात्री करायची आणि मग तो एक शब्द बोलायची.

बाकी दिवसभर तिचं काम पाण्याचं आणि कागदांचं. गाळाच्या तळ्यांतून बाटल्या भरून प्रयोगशाळेला पाठवायच्या, सुरुंगांच्या वेळा वर्तमानपत्रात छापून आणायच्या, खाली टर्कीपेन खोऱ्यातल्या घरांना फोन करायचे. खाणीतली माणसं तिला "परवानाबाई" म्हणत आणि ती ट्रकातून उतरली की हातातलं काम जरा सावरून करत. खोऱ्यातल्या लोकांना ती कंपनीची बाई वाटे. विहिरीचं पाणी लाल झालं तेव्हा एका शेजारणीने ते बरणीत भरून चर्चमध्ये आणलं आणि ओनीटाच्या शेजारी बाकावर ठेवलं. "आधी हे पी," ती म्हणाली, "मग आमेन म्हण." ओनीटाने बरणी उचलली, प्रार्थना संपल्यावर गाडीत ठेवली आणि सोमवारी तपासायला पाठवली. लोह जास्त निघालं. कंपनीला त्या घराला नळ द्यावा लागला. शेजारीण त्यानंतरही तिच्याशी बोलत नसे.

तिचा बाप आणि आजा दोघेही जमिनीखालच्या खाणीत होते. नवरा रेमंडही होता. छत कोसळून त्याची पाठ गेली तेव्हापासून तो पुढच्या ओसरीत खुर्चीवर बसून असतो. त्याची औषधं ओनीटाच्या नोकरीच्या विम्यातून येत. हे ती कुणाला सांगत नसे. पूर्व केंटकीच्या त्या खोऱ्यात सांगायची गरजही नव्हती.

मे महिन्यातला गुरुवार होता. येत्या रविवारी नोबलांचा कबरी सजवायचा दिवस होता. दरवर्षी या दिवशी शिकागो, डेट्रॉइटपर्यंत पांगलेली माणसं परत येतात, कबरींवरचं गवत काढतात, फुलं ठेवतात, पाद्री बोलतो आणि मग झाडाखाली लांब टेबलं मांडून सगळे जेवतात. त्यामुळे गुरुवारचा सुरुंग खाणीला उरकून हवा होता. शुक्रवारपासून पाहुणे यायला लागणार होते.

सकाळपासून भोकं भरणं चालू होतं. दुपारपर्यंत सगळ्या रांगांत दारू आणि तोटे भरून तारा जोडून झाल्या. सुरुंग उडवणारा डेल्बर्ट नेपियर रेमंडचा मावसभाऊ. जाड, कमी बोलणारा, खिशात कायम खारे शेंगदाणे. त्याच्या ट्रकात वीज हेरणारं एक छोटं यंत्र होतं. ते वाजायला लागलं तेव्हा त्याने शेंगदाणे खिशात ठेवले.

"ओनीटा," तो रेडिओवर म्हणाला. "पश्चिमेला आभाळ बघितलंस? मला लवकर मोकळं दे."

"पोचतेच आहे," ती म्हणाली.

भरलेल्या भोकांवर वीज पडली तर काय होतं हे खाणीत सगळ्यांना माहीत असतं. नीट उडवलेला सुरुंग रांगेमागून रांग, क्षणाक्षणाच्या अंतराने उडतो. विजेने उडवला तर सगळा एकदम जातो, आणि दगड कुठे जाऊन पडतील ते सांगता येत नाही. खाली टर्कीपेनमध्ये दोन घरं त्या बाजूला होती.

कबरस्तानाच्या फाटकाशी एक जुनी निळी गाडी उभी होती. आत हॅस्केल नोबल गवत काढत होता. तो ब्याऐंशीचा. नोबलांमध्ये आता त्याच्याहून म्हातारं कुणी नव्हतं. कंपनीने परवान्यासाठी नकाशा केला तेव्हा ओनीटाच त्याला घेऊन या सोंडेवर फिरली होती. "काका, कबरी एवढ्याच ना? कुंपणाबाहेर काही?" तिने विचारलं होतं. "सगळ्या आत," तो म्हणाला होता. नकाशावर ओनीटाने सही केली होती.

"हॅस्केल काका," तिने आता हाक मारली. "गाडीत बसा. सुरुंग आहे."

"भोंगा वाजला नाही अजून."

"तुम्ही गेल्याशिवाय वाजणार नाही."

"मग वाजू दे की उशिरा." तो हसला नाही. हातात प्लास्टिकचं एक पांढरं फूल होतं. कुंपणालगत बिननावाचे खडबडीत दगड एका ओळीत उभे केलेले होते, शाळेतल्या पोरांसारखे. त्यातल्या शेवटच्या दगडापाशी त्याने वाकून ते फूल खोचलं. मग तो सरळ झाला आणि दगडाकडे न बघता कुंपणापलीकडे, खाणीच्या बाजूला बघत राहिला.

ओनीटानेही तिकडे बघितलं. निशाणांच्या रांगेलगतचा उतार ब्लॅकबेरीच्या काट्यांनी भरलेला असायचा. आठवड्यापूर्वी भोकं पाडणारं यंत्र आणायला वाट करताना बुलडोझरने ती काटेरी जाळी खरवडून काढली होती. खाली काळपट हिरवं, चकचकीत पानांचं काहीतरी जमिनीला चिकटून पसरलेलं होतं. शेवटचं निशाण त्याच्यातच रोवलेलं होतं. तिने स्वतः रोवलेलं, हिवाळ्यात, काट्यांतून हात घालून.

ती कबरवेल होती. वसंतात तिला निळी फुलं येतात. त्या डोंगरांत ती आपोआप उगवत नाही, माणसं लावतात, आणि एकाच कामासाठी लावतात. जंगलात ती दिसली की तिथली माणसं वाट सोडून कडेने जातात.

"काका," ओनीटा म्हणाली, "ती वेल तिथं कशी?"

हॅस्केलने गुडघ्यावरचं गवत झटकलं.

"ओनीटा," रेडिओ म्हणाला. "झालं का?"

"एक मिनिट, डेल्बर्ट."

"मिनिटं ढगाला सांग."

"काका."

"आमच्या पोरांनी गवत कापायचं यंत्र आणलं तेव्हाची गोष्ट," हॅस्केल म्हणाला. "बसून चालवायचं. दगड सगळे वाकडेतिकडे पडलेले, पात्याला लागायचे. मग आम्ही ते उचलले आणि ओळीने लावले. एकदम नीटनेटकं दिसायला लागलं. सगळ्यांनी वाखाणलं. मग कुंपण घातलं."

"आणि बाहेरचा?"

"बाहेर एकच होता. यंत्र तिथवर जायचं नाही, उतार होता. म्हटलं, तो एकटा कशाला बाहेर. त्यालाही आत आणला." त्याने फुलाच्या दगडाकडे हनुवटी केली. "हा."

"दगड आणला."

"दगड."

"आणि माणूस?"

"माणूस कसा आणणार, पोरी."

मग त्याने सांगितलं. खाली जमिनीखालची खाण होती त्या काळात तिथे एक हंगेरियन माणूस छताखाली सापडून मेला. नाव कुणालाच धड घेता येत नसे, सगळे त्याला "जो" म्हणत. त्याचं इथे कुणी नव्हतं आणि खाणीच्या दफनभूमीत परक्यांना जागा देत नव्हते. हॅस्केलच्या आजाने दिली. आपल्या माणसांत नाही, थोडी बाजूला, पण दिली. हॅस्केलची आई दर सजावटीच्या दिवशी एका पोराच्या हातात फूल देऊन तिकडे धाडायची. दगड हलल्यापासून फूल दगडाला मिळत होतं.

"मी विचारलं तेव्हा का नाही बोललात?"

"दगड हलवला म्हणून कसं सांगायचं? लाज वाटली. आणि वाटलं, ते एवढ्या जवळ येणार नाहीत." तो निशाणाकडे बघत होता. "तू म्हणाली होतीस, लांब राहतील."

ओनीटा कुंपणाच्या फाटकातून बाहेर पडली आणि उताराने त्या वेलीपर्यंत गेली. तिथून सुरुंगाची पहिली रांग स्पष्ट दिसत होती, भोकांतून वर आलेल्या पिवळ्या तारांसकट. सुरुंग उडाला की ही कड फुटून खाली जाणार, आणि उद्या सकाळी बुलडोझर ती दगडमातीबरोबर ढकलून देणार. वेलीच्या मधोमध जमीन किंचित खचलेली होती. किंवा तिला तसं वाटलं. बुलडोझरच्या पट्ट्यांनी सगळीच जमीन कुठे ना कुठे खचली होती.

दूरवर गडगडलं.

"ओनीटा!" आता डेल्बर्टचा आवाज चढला होता. "मोकळं की नाही?"

तिने रेडिओ तोंडाजवळ नेला आणि खाली घेतला. पुन्हा नेला. "डेल्बर्ट, थांब. इथं एक कबर असू शकेल. निशाणाच्या जागी."

रेडिओ खरखरला. मग खाणीचा अधिकारी गारलंड साइझमोर बोलला. तो खालच्या कार्यालयातून ऐकत होता.

"कुणी सांगितलं?"

"हॅस्केल काकांनी."

"हॅस्केलने? गेल्या आठवड्यात त्याने मला माझ्या बापाच्या नावाने हाक मारली. माझा बाप जाऊन किती वर्षं झाली."

"कबरवेल आहे, गारलंड."

"वेल पसरते. कुंपणातून बाहेर आली असेल."

"असेलही."

"नकाशावर सही कुणाची आहे?"

"माझी."

"मग काय म्हणतेस तू? तुझा नकाशा खोटा?"

"चुकलेला," ती म्हणाली. "खोटा नाही. चुकलेला असू शकतो."

"ओनीटा, ऐक." गारलंडचा आवाज मऊ झाला, आणि तो मऊ झाला की जास्त भीती वाटावी असा माणूस होता. "कोण आहे तिथं?"

"एक हंगेरियन. खाणीत मेलेला."

"त्याचं कोण आहे इथं?"

"कुणी नाही."

"मग तक्रार कोण करणार?"

"तक्रार लागत नाही. परवान्यात कबर लिहिलंय. कुणाची ते लिहिलेलं नाही."

"आणि तुझ्या रेमंडचं काय लिहिलंय परवान्यात?"

खाणीतल्या प्रत्येक ट्रकात रेडिओ होता. हे सगळे ऐकत होते. ओनीटाने रेडिओ छातीशी धरला आणि हॅस्केलकडे बघितलं. तो कुंपणाच्या तारेला धरून उभा होता. त्याला ते शब्द ऐकू आले होते, कारण त्याने मान खाली घातली.

पहिला वारा आला. तापलेल्या दुपारी एकदम गार.

"गारलंड, तू बाजूला हो," डेल्बर्ट म्हणाला. "ओनीटा, एकदाच विचारतो. माझ्या यंत्राचा लाल दिवा लागलाय. तिथं माणूस पुरलेला आहे की नाही?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे काय?"

"म्हणजे मोकळं नाही."

"जवळच्या रांगा सोडून बाकीचा उडव," गारलंड म्हणाला.

"सगळं एकात एक जोडलंय. अर्धं उडवलं तर उरलेलं माझ्या डोक्यात येईल. एक तर सगळं, नाही तर काही नाही."

"मग मी देतो मोकळं."

"तू सोंडेवर उभा नाहीस," डेल्बर्ट म्हणाला. "लायसन माझं आहे. ती म्हणाली नाही, म्हणजे नाही." मग अख्ख्या खाणीला ऐकू जाईल अशा आवाजात: "सगळ्यांनी बाहेर पडा. यंत्रं आहेत तिथं सोडा. आत्ता. आणि ओनीटा, तू मला या भरलेल्या भोकांवर वीज पडायची वाट बघत बसवतेयस, हे मी विसरणार नाही."

ओनीटाने हॅस्केलला तिच्या ट्रकात बसवलं. तो चढायला वेळ लावत होता. तिने त्याला काखेतून धरून वर ढकललं, आणि तो म्हणाला, "हळू गं, मी काही बटाट्याचं पोतं नाही." वळणावळणाच्या रस्त्याने ती खाली उतरली आणि टर्कीपेनमधल्या त्या दोन घरांपाशी थांबली. पहिल्या घरात तान्हं मूल होतं; ती माणसं लगेच आपल्या गाडीतून निघाली. दुसऱ्या घरातली बाई तीच होती, बरणीवाली. ती दारातच उभी राहिली.

"का म्हणून घर सोडू? सुरुंग तर उडाला नाही तुमचा."

"नाही उडाला म्हणूनच. वीज पडली तर दगड इथवर येतील."

"मग उडवायचा होता की वेळेवर."

"हो," ओनीटा म्हणाली. "चला."

बाईने चुलीवरचं घेवड्याचं पातेलं उतरवलं, झाकण घातलं आणि तेच हातात घेऊन ट्रकात बसली. चर्चच्या आवारात खाणीतले ट्रक ओळीने उभे होते. पाऊस कोसळायला लागला. काचा धुरकटल्या. हॅस्केल मध्ये, बाई दाराशी, मांडीवर गरम पातेलं. वीज चमकली की सगळ्यांचे डोळे सोंडेकडे जात, मग गडगडाट येई, आणि त्यानंतर जे यायला नको होतं ते आलं नाही की बाई श्वास सोडी.

एक वीज फार जवळ पडली. उजेड आणि आवाज एकाच वेळी. हॅस्केलने डोळे मिटले. डेल्बर्ट त्याच्या ट्रकातून बाहेर पडला आणि पावसात उभा राहून वर बघायला लागला. काही नाही. सोंडेपलीकडचं पॉप्लरचं झाड उभं चिरलं होतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

पाऊस ओसरेपर्यंत सुरुंगाची परवान्यातली वेळ संपलेली होती. ओनीटाने चर्चच्या आवारातूनच राज्याच्या निरीक्षकाला फोन लावला. "पूर्वेच्या बाजूला नकाशात नसलेली कबर असण्याची शक्यता आहे," ती म्हणाली. "नकाशा मी केलेला आहे." बरणीवाली बाई ऐकत होती. फोन झाल्यावर तिने पातेल्याचं झाकण उघडलं आणि विचारलं, "चमचा आहे का कुणाकडे?"

निरीक्षक शुक्रवारी आला. उन्हाने डोळे बारीक करून त्याने ती वेल बघितली आणि काम थांबवण्याचा हुकूम काढला. भोकांत पाणी सोडून दारू धुऊन काढायला डेल्बर्टच्या माणसांना शनिवारी रात्रीपर्यंत खपावं लागलं. ते काम कुणालाच आवडत नाही. सजावटीच्या रविवारी नोबलांकडे पाहुणे आले, जेवणं झाली, आणि पलीकडे बंद पडलेली यंत्रं उभी होती. खाणीत कामाला असलेल्या नोबलांनी ओनीटाला ताट वाढलं नाही.

पुढे विद्यापीठातली दोन माणसं आली. त्यांनी खुरप्यांनी वरची माती काढली. खाली गडद मातीचा एक लांबट चौकोन निघाला, डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला, जसं तिथे सगळ्यांना पुरतात. थोडे खिळे निघाले, शर्टाची बटणं निघाली आणि खाणकामगाराचा पितळी बिल्ला निघाला. बिल्ल्यावरचा क्रमांक वाचता आला. तो क्रमांक कुणाचा हे सांगू शकेल अशी खाण आता नव्हती, आणि माणूसही. त्याला तिथेच राहू द्यावं असं ठरलं. निशाणं मागे गेली. नवी रेघ ओढल्यावर पूर्वेच्या कोळशाच्या थराचा बराच भाग परवान्याबाहेर राहिला.

कंपनीला दंड झाला. नकाशा चुकल्याचा ठपका ओनीटावर आला, आणि तो बरोबर होता, असं ती स्वतः म्हणते. "मी एका म्हाताऱ्याला एकदा विचारलं आणि पुढे निघाले. काटे काढून बघायला हवे होते." गारलंडने तिला वजनकाट्यावर बसवलं, कोळशाचे ट्रक तोलायला. पगार कमी, विमा तोच. शरद ऋतूत पूर्वेची पाळी बंद झाली तेव्हा कामावरून कमी केलेल्यांच्या पहिल्या यादीत तिचं नाव होतं. ज्यांची नावं त्याच यादीत होती त्यांच्यातल्या काहींनी दुकानात तिला ऐकू जाईल असं म्हटलं की एका मेलेल्या हंगेरियनने जिवंत माणसांच्या पोटावर पाय दिला. तिने पीठ आणि रॉकेल घेतलं आणि ती घरी गेली.

आता ती शाळेच्या स्वयंपाकघरात आहे. तिथला विमा लहान आहे. रेमंडचं एक औषध बंद झालं आहे.

पुढच्या मे महिन्यात, सजावटीच्या आदल्या दिवशी, हॅस्केलने तिला फोन केला. दगड परत न्यायचा होता. पोरं डेट्रॉइटहून यायची होती आणि त्याला थांबायचं नव्हतं. ओनीटा पोचली तेव्हा फाटकाशी डेल्बर्टचा ट्रक उभा होता. तो त्या दिवसानंतर तिच्याशी बोललेला नव्हता. त्याने खिशातून शेंगदाणे काढले, दोन तोंडात टाकले, वाकून दगड मिठीत घेतला आणि उठताना कण्हला.

"उचल की तूही," तो तिला म्हणाला. "का इथं पण नुसती बघणारेस?"

तिने दुसऱ्या बाजूने हात घातला. दोघं उताराने खाली गेले, हॅस्केल मागून फावडं टेकत. वेल पुन्हा पसरली होती. हॅस्केलने खड्डा आधीच करून ठेवला होता, वाकडातिकडा, पण पुरेसा खोल. दगड त्यात उतरला.

डेल्बर्टने हात झटकले. "झालं," तो म्हणाला. "काय परवानाबाई? मोकळं?"

ओनीटाने दगडावर हात ठेवून तो ढकलून बघितला.

"हलतोय," ती म्हणाली. "तुझ्या बाजूने अजून माती टाक."